डबल काचेत वाफ शिरते तेव्हा

दोन वर्षांपूर्वी श्रावणात ओळखीचे एक तारवटी काका आपली गाडी घेऊन म्हापशाला माझ्या वर्कशॉपवर आले. जन्म जहाजावर गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मिनीबसच्या चेसिसवर त्यांनी मोटारहोम बांधून घेतलं. बॉडी इथली, खिडक्या मात्र परदेशातून आणलेल्या, सेकंडहँड. बाजूच्या चार काचेच्या, डबल. मागची एक अ‍ॅक्रिलिकची, वरच्या बिजागरीवर उघडणारी.

"हे बघ," म्हणत त्यांनी रुमालाने काच आतून पुसली. मग खाली उतरून बाहेरून पुसली. धुकं जागच्या जागी. "आता कुठून पुसू?"

त्या दिवशी मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून हे लिहितोय. मी सिलिकॉनची गन काढली, रबराच्या कडेने चारी बाजूंनी जाड रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवून ती गुळगुळीत केली आणि पैसे घेतले. वीस वर्षं घरांच्या आणि दुकानांच्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या करतोय, मला वाटलं यात काय विशेष! चवथीला काकांचा फोन आला. काच आता दुधासारखी झाली होती.

मग मी ही वस्तू नीट समजून घ्यायला बसलो.

आमच्या धंद्यात डबल काचेला डीजीयू, म्हणजे डबल ग्लेझ्ड युनिट म्हणतात. दोन काचा, त्यांच्यामध्ये कडेने फिरवलेली अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, म्हणजे स्पेसर, आणि मध्ये कोरडी हवा किंवा वायू. कल्पना जुनी आहे. थॉमस स्टेटसन नावाच्या अमेरिकन माणसाने १८६५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. स्पेसरच्या आत बारीक मण्यांसारखी एक वस्तू भरलेली असते, मॉलिक्युलर सिव्ह. आतली ओल पिऊन टाकणं एवढंच तिचं काम. तिच्या अंगाला असलेली भोकं ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणू त्यात शिरतो, नायट्रोजनचा शिरत नाही. त्यामुळे हवा तशीच राहते आणि पाणी तेवढं गिळलं जातं.

स्पेसर काचेला दोन थरांनी धरलेला असतो. आतला थर ब्युटाइलचा: काळा, चिकट, कधीच पुरता न सुकणारा. बाहेरचा थर पॉलिसल्फाइडचा किंवा तशाच दुसऱ्या सीलंटचा, जो काचांना घट्ट बांधून ठेवतो. ताकद बाहेरच्या थराची असते, पण वाफ अडवतो तो आतला. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. सिलिकॉन पाणी अडवतं, पण वाफेला ते ब्युटाइलच्या मानाने कित्येक पटींनी जास्त वाट देतं. बाथरूमच्या कोपऱ्यात ते उत्तम, कारण तिथे फक्त पाणी अडवायचं असतं. डबल काचेत जे शिरतं ते बहुतेक वेळा पाणी नसतंच, वाफ असते. आणि वाफ एकदा आत शिरली की बाहेरून कितीही सिलिकॉन मारा, आतली ओल तुम्ही कोंडून ठेवता, बस्स.

वाफ शिरते कशी? खिडकी श्वास घेते. काकांच्या खिडकीचाच हिशोब करून पाहू. ६० सेंटिमीटर गुणिले ९० सेंटिमीटर, मधलं अंतर ८ मिलिमीटर. आत साधारण ४.३ लिटर हवा. सकाळी काच २८ अंशांवर असते, दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की ५५ वर जाते. हवेचा दाब त्याने ९ टक्क्यांच्या आसपास वाढतो. सील धड असेल तर काचा जराशा फुगतात आणि रात्री परत बसतात. कुठे चीर पडलेली असेल तर दिवसा चारशे मिलिलिटरच्या आसपास हवा बाहेर जाते आणि संध्याकाळी तेवढीच बाहेरची हवा आत ओढली जाते. गोव्याच्या पावसाळी हवेत, ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली, तर एक हजार लिटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे दर श्वासाला एक शतांश ग्रॅम. एका थेंबाचा पाचवा हिस्सा!

एवढ्याशा पाण्याने काय होणार? काहीच होत नाही, आणि फसगत तिथेच होते. स्पेसरमध्ये समजा ५० ग्रॅम मणी आहेत. ते आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी पितात, म्हणजे १० ग्रॅम. रोज एक शतांश ग्रॅम या हिशोबाने एक हजार दिवस. जवळजवळ तीन वर्षं खिडकीचं सील फुटलेलं असतं आणि काच दिसते मात्र आरशासारखी. मणी भरले की पुढच्याच पावसाळ्यात धुकं. मग लोक म्हणतात, "काल-परवापर्यंत ठीक होती हो!"

पुरुमेंताचं उदाहरण आमच्याकडे कुणालाही पटतं. मे महिन्यात सुकं मासळं, सोलं, मिरच्या डब्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळाभर पुरवायच्या. मणी म्हणजे खिडकीचं पुरुमेंत. फरक इतकाच की डब्यातलं संपत चाललं की आपल्याला दिसतं, स्पेसरमधलं दिसत नाही.

गाडीच्या खिडकीला घराच्या खिडकीपेक्षा जास्त सोसावं लागतं. हादरे तर आहेतच, पण चढउतारही आहे. चोर्ला घाटाने बेळगावला गेलात की समुद्रसपाटीवरून सुमारे ७५० मीटरवर पोचता. बाहेरचा दाब तिथे साडेआठ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, म्हणजे दोन-अडीच तासांत खिडकीला भर उन्हाइतकाच ताण. उतरताना उलटा. काका दर महिन्याला मुलीकडे बेळगावला जातात. सगळ्यात आधी सील सुटतं ते कोपऱ्यावर, कारण स्पेसर तिथे वळवलेला किंवा जोडलेला असतो आणि ब्युटाइलचा थर तिथेच तुटक लागलेला असतो.

हे सगळं गोव्यातल्या जुन्या घरांना कधी भोगावं लागलं नाही. शिंपल्यांच्या तावदानांच्या त्या खिडक्या आठवा, चिखलीच्या खाडीत मिळतात त्या चपट्या शिंपल्यांच्या. उजेड यायचा, वाराही थोडा यायचा, वाफ हवी तशी ये-जा करायची. धुकं धरायला बंद जागाच नव्हती. असो.

परदेशी माहितीत एक गोष्ट नेहमी उलटी वाचावी लागते. तिथे बाहेर थंडी आणि आत उबारा, म्हणून धुकं बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला धरतं. आपल्याकडे एसी लावला की आतली काच गार पडते. ३० अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेतली वाफ २६ अंशांच्या खाली आली की पाणी होते. त्यामुळे आपल्या गाडीत धुकं आतल्या काचेच्या पोकळीकडच्या अंगाला दिसतं, तेही एसी सुरू केल्यावर अर्ध्या तासाने. एसी बंद, गाडी उन्हात, की गायब. गिऱ्हाईक दुपारी गाडी घेऊन येतं तेव्हा मेकॅनिकला काहीच दिसत नाही आणि दोघांची वादावादी होते.

त्यावर साधा उपाय आहे, बर्फ. स्टीलच्या सपाट बुडाच्या वाटीत बर्फ घाला आणि वाटी काचेला पाचेक मिनिटं टेकवून धरा. वाटी काढा, काच त्या जागी लगेच पुसा. दोन्ही बाजू पुसूनही वाटीच्या आकाराचा पांढुरका गोल तसाच राहिला, तर ओल पोकळीत आहे. काकांच्या चारपैकी दोन खिडक्यांवर असे गोल उमटले, आणि त्यातली एक उघड्या डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होती. कारखान्यातही गार केलेला धातू काचेला लावून याच तत्त्वावर तपासणी करतात, फक्त तापमान पुष्कळ खाली नेतात.

दुसरी गोष्ट तपासायची ती चौकटीच्या तळाची भोकं. पाणी वाहून जायला चौकटीच्या खालच्या पट्टीत बारीक चिरा ठेवलेल्या असतात. आमच्याकडची रेती, मीठ, आंब्याचा मोहोर आणि कोळ्याची जाळी यांनी त्या बुजतात. मग पट्टीत पाणी साचतं आणि काचेची खालची कड महिनोन्‌महिने त्यात भिजत राहते. कुठलंच सीलंट पाण्यात कायम बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं. काकांच्या गाडीत दोन चिरा मातीने बंद होत्या, उरलेल्या मी स्वतः सिलिकॉनने बंद केल्या होत्या. दूध असं तयार झालं.

आता अ‍ॅक्रिलिकची खिडकी. युरोपातल्या कॅराव्हॅनला बहुधा हीच असते आणि तिचा स्वभाव अगदी वेगळा. तिच्यात स्पेसर नाही, मणी नाहीत. अ‍ॅक्रिलिकची दोन पानं कडेला एकमेकांना चिकटवलेली असतात. अ‍ॅक्रिलिक स्वतःच थोडं पाणी शोषतं आणि वाफेला हळूहळू वाट देतं. म्हणून तिच्यात कधीतरी धुकं दिसलं तर ते सील फुटल्याचं लक्षण असेलच असं नाही. बहुतेक खिडक्यांच्या कडेला, कोपऱ्याजवळ प्लास्टिकची छोटी बुचं असतात. ती काढायची, खिडकी चांगल्या कोरड्या दिवशी सावलीत उघडी ठेवायची आणि ओल गेल्यावर बुचं परत बसवायची. आमच्याकडे हे काम जानेवारीच्या दुपारी करायचं. जुलैमध्ये बुचं काढणं म्हणजे पापडाचा डबा पावसात उघडणं.

घाई असलीच तर बुचाच्या भोकातून मत्स्यालयाच्या पंपाने हवा सोडतात. ती हवा आधी सिलिका जेल भरलेल्या बाटलीतून फिरवायची. एक-दोन दिवस लागतात, पण काम होतं. हेअर ड्रायर मात्र नको. अ‍ॅक्रिलिक तापलं की ९०-१०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि तुमचा ड्रायर किती तापतो ते तुम्हाला माहीत नसतं.

अ‍ॅक्रिलिकची कड खरंच सुटली असेल तर सिलिकॉन किंवा घट्ट बसणारा गोंद चालत नाही. ९० सेंटिमीटरचं पान ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ २ मिलिमीटर वाढतं; तेवढीच काच पाव मिलिमीटर. एवढी हालचाल सोसणारा, आणि वर अ‍ॅक्रिलिकसाठी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला लवचिक गोंदच हवा. पुसायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड, आणखी काही नाही. माझ्याकडचा बांद्याचा पोरगा हुशार आहे, पण एकदा त्याने काकांच्या मागच्या खिडकीचा चिकटपणा काढायला थिनरचा बोळा फिरवला. दहा मिनिटांत पानाच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी काकांकडे. ते पान मी माझ्या पैशाने बदलून दिलं. अमोनियावाला काच-क्लीनर, स्पिरिट, डासांचं मलम लावलेला हात, ही सगळी त्याच वाटेची.

पुन्हा काचेकडे वळू. सगळ्यात आधी एक प्रश्न: दुरुस्ती करायचीच का? धुकं धरलेली डबल काच उष्णता अडवण्याच्या कामात फारशी कमी पडत नाही. मध्ये हवा आहे तशीच असते. गोव्यात आत-बाहेरचा फरक पाच-सात अंशांचा, खरा त्रास उन्हाचा, आणि त्यावर पडदा जास्त उपयोगी. गाडी कळंगुट ते काणकोण एवढीच फिरणार असेल तर मी काच बदलायच्या भरीस पडणार नाही. सरळ एकेरी टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच बसवा आणि वाचलेल्या पैशात चांगले पडदे शिवून घ्या. लडाखला किंवा थंडीच्या देशात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. काकांना काचेतून समुद्र दिसायला हवा होता, आणि डबल काच तर हवीच होती. आयुष्यभर जहाजाच्या गोल खिडकीतून बघितलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

उशीर मात्र करू नये. ओल आत राहिली की ती काचेतला सोडियम बाहेर खेचते, पृष्ठभागावर क्षाराचा थर बसतो आणि तो काच खाऊ लागतो. सुरुवातीला डाग पुसून जातात, नंतर काच कायमची धुरकट होते. सिरियम ऑक्साइडने पॉलिश करून हलके डाग निघतात, खोल गेलेले नाही.

परदेशात घरांच्या काचेला बारीक भोक पाडून आतून धुवायची आणि भोकाला झडप बसवायची एक पद्धत आहे. गाडीवर तिचं नाव काढू नका. गाडीची काच टफन असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० गाडीला सेफ्टी काच किंवा सेफ्टी ग्लेझिंग लावायला सांगतो. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. ड्रिल टेकवलं की सगळी काच खडीसाखर होऊन खाली.

तर खरी दुरुस्ती म्हणजे युनिट उघडून पुन्हा बांधणं. मोटारहोमची खिडकी आतल्या बाजूच्या रिंगने बॉडीला आवळलेली असते. स्क्रू काढताना एक माणूस बाहेर काच धरून उभा हवाच, शेवटच्या दोन स्क्रूंना खिडकी अचानक सुटते. चौकट आणि बॉडीमधली जुनी ब्युटाइल टेप प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची. काढण्याआधी काचेवर मार्करने "वर" आणि "बाहेर" लिहून ठेवायचं. हसू नका, चार एकसारख्या खिडक्या टेबलावर आल्या की काहीच आठवत नाही. पूर्ण युनिटची जाडी व्हर्नियरने मोजायची. नवं युनिट अर्धा मिलिमीटर जाड झालं तरी चौकटीच्या खाचेत बसत नाही.

जुनं सील लांब पातळ पात्याने, साबणाचं पाणी सोडत, सावकाश कापायचं. टफन काचेचा मधला भाग दणकट आणि कड नाजूक. कडेला पात्याचा टोकदार धक्का बसला की संपलं. हातमोजे आणि गॉगल न घालता हे काम करणारा माणूस माझ्या वर्कशॉपमध्ये राहत नाही. काचा सुटल्या की जुनं ब्युटाइल व्हाइट स्पिरिटने, आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे तेलकटपणा उरत नाही. हे काचेवरच बरं का, अ‍ॅक्रिलिकवर नाही. यानंतर आतल्या अंगाला बोट लावायचं नाही. लागलंच तर तो ठसा पुढची दहा वर्षं काचेत राहतो.

मोटारहोमच्या काचांचे कोपरे गोल असतात. अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर तिथे वळवायला यंत्र लागतं. त्याऐवजी लवचिक पट्टी मिळते, ब्युटाइलची, जिच्यात ओल पिणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. ती हाताने वळते. तिचा जोड कोपऱ्यावर न घेता सरळ बाजूवर घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियमच वापरायचं असेल तर मण्यांकडे लक्ष द्या. डबा फोडला की ते वर्कशॉपची हवा प्यायला लागतात. पावसाळ्यात काही तासांतच त्यांची बरीच भूक भागलेली असते.

मणी जिवंत आहेत की नाहीत हे बघायची रीत मला फार आवडते. वाटीत मूठभर मणी घ्या आणि तेवढंच पाणी ओता. ताजे असतील तर वाटी काही क्षणांतच चांगली गरम होते, कारण पाणी आत शिरताना उष्णता बाहेर पडते. गार राहिली तर डबा फेकून द्या. मी दुकानातून आणलेल्या पहिल्या डब्यातले मणी ढिम्म होते. बहुधा कुणीतरी आधी उघडून परत झाकण लावलं होतं. बांद्याच्या पोराने वाटी गालाला लावून बघितली आणि म्हणाला, "मालक, हे तर पाणी पिऊन आलेत."

स्पेसर बसला, दोन्ही अंगांना ब्युटाइलची अखंड रेघ आली, काचा दाबून बसल्या की बाहेरच्या खाचेत पॉलिसल्फाइड. ते दोन भागांत येतं, पांढरा जास्त, काळा थोडा. एकाही पांढऱ्या रेघेशिवाय एकसारखा रंग येईपर्यंत घोटायचं. रेघ राहिली तर तेवढा भाग कधीच सुकत नाही. खाच भरताना मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग किमान एक दिवस युनिट आडवं ठेवून हात लावायचा नाही. पॉलिसल्फाइडला ऊन मानवत नाही, म्हणून ती कड पूर्णपणे चौकटीत झाकली जायला हवी.

चौकटीत बसवताना काच तळाला टेकवायची नाही. खाली रबराचे दोन छोटे ठोकळे ठेवायचे, म्हणजे पट्टीत पाणी आलंच तरी काचेची कड त्याच्या वर राहते. ठोकळा चिरेवर येऊ द्यायचा नाही. बॉडी आणि चौकटीमध्ये नवी ब्युटाइल टेप, सिलिकॉन अजिबात नाही. आणि कुठे सिलिकॉन वापरायचंच झालं तर व्हिनेगरचा वास येणारं नको. ते सुकताना आम्ल सोडतं, अ‍ॅल्युमिनियम आणि ब्युटाइल दोघांनाही ते बाधतं.

काकांच्या खिडक्या मी लगेच हातात घेतल्याच नाहीत. त्यांना जानेवारीपर्यंत थांबवलं, दुपारी बारा ते चार या वेळेत युनिटं बंद केली आणि पहिल्यांदा केलेल्या कामाचे पैसे परत दिले. त्यांनी अर्धे घेतले, अर्धे पोराला दिले. तेव्हापासून दर मे महिन्यात, पुरुमेंताच्या सुमारास, ते गाडीभोवती फिरतात. माडाच्या झाडूची एक हीर काढतात, चौकटीच्या तळातली प्रत्येक चीर टोकरतात आणि वरून तांब्याने पाणी ओतून खालून ते बाहेर पडतं का बघतात. यंदा एका चिरेतून पाणी आलं नाही. फोन मला आला. आत कुंभारमाशीने घर केलं होतं.